जुना वास उडायलाच हवा

प्रश्न : मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. नेटवर्कमध्ये मुंग्यांसारखे एजंट, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, सोडून डेटासाठी वाट शोधतात, हे शिकले. पण मुंगी तर आधीच्या मुंग्यांनी सोडलेल्या वासामागे जाते. मधली लिंक तुटली, तर एजंट जुन्याच वाटेवर अडकणार नाहीत का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : शंका रास्त आहे. खऱ्या मुंग्यासुद्धा अडकतात. १९८९ मध्ये ब्रसेल्सच्या संशोधकांनी अर्जेंटिनी मुंग्यांपुढे अन्नाकडे जाणारे दोन पूल ठेवले, एक आखूड, एक लांब. थोड्याच वेळात आखूड पुलावर रांग लागली. पण आधी नुसता लांब पूल देऊन आखूड मागाहून जोडला, तेव्हा बहुतेक मुंग्यांनी लांबचीच वाट धरून ठेवली. तिथला वास लवकर उडत नव्हता.

महापेच्या रात्रपाळीत मी हेच पाहिलंय. ऐन जुलैत रस्ता खोदताना फायबर तुटली. मी हाताने रूट, म्हणजे ठरावीक वाट, टाकून ट्रॅफिक दुसरीकडून फिरवलं. पहाटे फायबर जोडली गेली, पण तो रूट काढायचा राहिला आणि डेटाची पॅकेट दोन दिवस लांबून फिरत राहिली. न उडणारा वास तो हाच.

संगणक संशोधक मार्को डोरिगो यांनी १९९२ च्या प्रबंधात म्हणूनच संगणकातला वास, म्हणजे प्रत्येक वाटेला दिलेला आकडा, दर फेरीला थोडा उडवला. पुढे १९९८ मध्ये जियानी डी कारो आणि डोरिगो यांनी अँटनेट ही नेटवर्कमध्ये वाट शोधायची पद्धत मांडली. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते : जाणारी मुंगी, म्हणजे वाट शोधायला निघालेला एजंट, डेटाच्याच रांगेत उभी राहते. गर्दी तिला स्वतःला सोसावी लागते, म्हणून तिने मोजलेला वेळ खरा असतो. परतणारी मात्र तातडीच्या रांगेतून त्याच वाटेने येते आणि प्रत्येक नोडच्या, म्हणजे वाटा जिथे जुळतात त्या ठिकाणच्या, टेबलात ती वाट निवडली जाण्याची शक्यता वाढवते. बाकीच्या वाटांची आपसूक घटते. लिंक तुटली की तिकडून कुणी परतत नाही, त्या वाटेला बळ मिळत नाही, आणि दुसरीकडून परतलेल्या मुंग्या आपापली वाट वर आणतात.

खरी अडचण लिंक पुन्हा जुळल्यावर येते. शक्यता शून्याला टेकली असेल, तर तिकडे फिरकणार कोण? त्यासाठी थोड्या मुंग्या कायम भरकटू द्याव्या लागतात. किती, हे ते नेटवर्क किती वेळा बदलतं त्यावर ठरतं.

प्रोजेक्ट करणार असाल, तर सिम्युलेशनमध्ये लिंक तोडून थांबू नका. ती परत जोडा, आणि पहिली मुंगी तिकडे वळायला किती वेळ लागतो तो मोजा.