रॉय फिलिप्सला सोडलं तरी जळफळाट, मारलं तरी कर्मा उणे

(फॉलआउट 3, ड्रॅगन एज: ओरिजिन्स, स्कायरिम, मास इफेक्ट आणि पहिला विचर, सगळ्यांचे स्पॉयलर आहेत. खेळायचे असतील तर इथेच थांबा.)

तुमची तक्रार मला समजली ती अशी. फॉलआउट 3 मध्ये टेनपेनी टॉवर या घुलांना मज्जाव असलेल्या श्रीमंतांच्या इमारतीच्या क्वेस्टला (मोहिमेला) तुम्ही सगळ्यात लांबचा, शांततेचा रस्ता धरलात. टॉवरमधल्या एकेकाची समजूत घातलीत, घूल मंडळींना (किरणोत्सर्गाने विद्रूप झालेल्या माणसांना) तिथे राहायला जागा मिळवून दिलीत. काही दिवसांनी सहज डोकावलात तर आत एकही माणूस जिवंत नाही. संतापून घुलांचा म्होरक्या रॉय फिलिप्सला गोळी घातलीत, तर गेमने तुमचाच कर्मा, म्हणजे बऱ्यावाईट वागण्याचा आकडा, कापला. आता तुम्ही विचारताय की आपलं खेळणं चुकलं का, आणि निवड केल्याचं समाधान देणारा आरपीजी (भूमिका वठवायचा गेम) असतो तरी का.

तुमचं काही चुकलेलं नाही. पण मी आधी गेमची बाजू घेणार आहे.

ती कत्तल मला अजिबात खटकत नाही. रॉय वॉरिंग्टन स्टेशनच्या बोगद्यात पहिल्यांदा भेटतो तेव्हा त्याचा बेत काय असतो? फेरल, म्हणजे भान हरपलेले हिंस्र घूल टॉवरमध्ये सोडायचे आणि आतल्यांचा निकाल लावायचा. तो हे लपवत नाही, तुम्हालाच मदतीला ये म्हणतो. असा माणूस आत राहायला गेल्यावर गुण्यागोविंदाने नांदेल, ही आशा आपली असते. गेमने तसा शब्द कुठेच दिलेला नाही. आणि मेलेल्यांमध्ये म्हातारा हर्बर्ट डॅशवुडही असतो. ज्याने उमेदीची वर्षं आर्गाइल नावाच्या एका घुलाच्या साथीने भटकण्यात घालवली, तो घुलांच्याच हातून जातो. हे कडू आहे, पण लिहिणाऱ्याने विचार करून लिहिलंय.

गेम घसरतो तो त्यानंतर. रॉयला जाब विचारला तर तो थंडपणे काहीतरी सांगून मोकळा होतो आणि विषय तिथेच संपतो. त्याला हाकलून देता येत नाही, त्याच्यासोबतच्या बेसी लिन किंवा मायकल मास्टर्सला धरून काही घडवता येत नाही. उरते फक्त बंदूक. ती चालवली की कर्मा कमी. गोष्टीला रॉयने काय केलं ते ठाऊक आहे, त्या आकड्याला नाही. रॉय मेला की इतके वजा, एवढंच त्याला शिकवलेलं. तुमच्या डोक्यात गेलं ते हेच असणार: इतकी माणसं मेली त्याबद्दल अवाक्षर नाही, आणि वर न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून दंड तुम्हालाच.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. शेवट गोड की कडू हे मी बघत नाही. ठरवताना माझ्या हातात अंदाज बांधण्याइतकं काही होतं का, आणि ठरवल्यावर गेमने त्याची दखल घेतली का, एवढंच बघतो. टेनपेनी टॉवर पहिल्यात पास होतो, दुसऱ्यात सपशेल नापास.

दोन्हींत पास होणारं उदाहरण हवं असेल तर ड्रॅगन एज: ओरिजिन्स (2009) मधलं ओर्झामार. ठेंगूंच्या राज्यात गादीसाठी दोघे भांडतायत. हॅरोमॉन्ट सभ्य, शब्दाचा पक्का, मेलेल्या राजाच्या विश्वासातला. बेलेन हा राजाचाच मुलगा, पण आतल्या गाठीचा, गादीपायी सख्ख्या भावांवर उठलेला. बहुतेक जण पहिल्या खेपेला डोळे झाकून हॅरोमॉन्टला मुकुट देतात आणि शेवटच्या निवेदनात तोंडावर आपटतात. हॅरोमॉन्ट बाहेरच्या जगाशी संबंध तोडतो आणि जातींची उतरंड आणखी घट्ट करतो. बेलेन सरदारांची सभा गुंडाळून हुकूमशहा होतो खरा, पण खालच्यांवरची बंधनं सैल करतो आणि वरच्या जगाशी व्यापार वाढवतो.

ही फसवणूक का वाटत नाही? कारण खुणा आधीपासून पेरलेल्या असतात. डस्ट टाउनमध्ये हिंडलात की जात नसलेल्यांचे काय हाल आहेत ते दिसतं. हॅरोमॉन्टचा सगळा भर परंपरेवर आहे हे त्याचे लोकच अभिमानाने सांगत असतात. आपण मात्र 'भला माणूस म्हणजे भला राजा' असं गृहीत धरलेलं असतं. गेमने काही दडवलेलं नसतं, आणि निकाल लागल्यावर कुठला मीटर येऊन शाबासकीही देत नाही.

गंमत म्हणजे त्याच गेमने रेडक्लिफमध्ये माती खाल्ली आहे. कॉनर नावाच्या लहान मुलाच्या अंगात राक्षस शिरलाय. मुलाला मारा, नाहीतर रक्तजादूसाठी त्याच्या आईचा, इसोल्डचा बळी द्या. इकडे आड तिकडे विहीर. इतकं छान जमवून आणल्यावर तिसरा पर्याय येतो: मेजेसच्या, म्हणजे जादूगारांच्या, सर्कलची मदत आणा. आता सर्कल कुठे लांब सरोवरात. तिथलं प्रकरण आधी निस्तरलं नसेल तर तासन्तास खेळावं लागतं. तेवढ्या वेळात राक्षसाने अर्ध गाव संपवायला हवं. तो शहाण्या मुलासारखा वाट बघत बसतो! तुम्ही जादूगार घेऊन येता, मूलही वाचतं, आईही वाचते. सुंठीवाचून खोकला गेला. परत आल्यावर निदान काही माणसं गमावलेली दिसली असती, तर तिन्ही पर्यायांना वजन आलं असतं. वेळेची किंमत लावायला लेखक कचरले, असं माझं मत.

याच्या उलट टोकाला स्कायरिममधली सादिया, एक फरार बाई. ती म्हणते मी डोमिनियन या एल्फ साम्राज्याविरुद्ध बोलले म्हणून मारेकरी मागे लागलेत. तिच्या मागावरच्यांचा म्होरक्या केमाटू म्हणतो हिने टानेथ शहर शत्रूला विकलं. कोणाचीही बाजू घ्या, 500 सोन्याची नाणी मिळतात आणि खरं काय ते गेम कधीच सांगत नाही. काही जण याला संदिग्धता म्हणून डोक्यावर घेतात. मला ते पटत नाही. पुरावा शोधायची सोयच ठेवायची नाही, तर मी ठरवलं काय? नाणेफेकच केली की.

बायोशॉक (2007) हा धड आरपीजी नाही, पण बक्षिसांवरून आठवला. लिटिल सिस्टर या लहान मुलीला मारलं तर 160 अॅडम (शक्ती विकत घ्यायचं द्रव्य), वाचवलं तर 80. त्यागच वाटतो. पण दर तीन मुली वाचवल्या की 200 अॅडमची भेट मिळते. म्हणजे तिघींमागे 480 विरुद्ध 440, आणि भेटीत वर इतर वस्तूही. चांगुलपणाला तोशीसच पडत नसेल तर तो मोह कसला?

हे असं का होतं, याचं कारण बरंचसं हिशेबाचं आहे. दहा ठिकाणी नुसती हो किंवा नाही अशी निवड ठेवली तरी शक्यता होतात 1024. प्रत्येक फाट्याला संवाद लिहा, आवाज रेकॉर्ड करा, बग तपासा, आणि त्यातलं बहुतेक काम बहुतेक खेळाडू बघणारही नाहीत. म्हणून फाटे फोडायचे आणि थोडं पुढे गेल्यावर गुपचूप एकत्र आणायचे, ही रीत. मास इफेक्टच्या पहिल्या भागात (2007) रॅक्नाय या कीटकांसारख्या परग्रही जमातीच्या राणीला मारायचं की सोडायचं यावर आपण डोकं खाजवतो. तिसऱ्या भागात (2012) मारलेली असली तरी तिच्या जागी दुसरी तयार केलेली राणी हजर, मोहीम जवळपास तीच. तपशिलात फरक पडतो, नाही असं नाही. पण ज्याने आपल्या निवडी साठवलेली सेव्ह फाइल पाच वर्षं जपून ठेवली त्याची त्यावर बोळवण होत नाही.

आता तुमच्यापुरतं. फॉलआउट 3 मध्ये कर्म्याच्या आकड्याकडे दुर्लक्ष करा. लहानसहान चांगल्या कामांनी तो भरून येतो, तेव्हा रॉयला मारायचंच असेल तर खुशाल मारा. तहाआधीची सेव्ह शिल्लक असेल तर क्वेस्ट अर्धवट सोडून निघून जाणं हाही एक पर्याय आहे. टॉवर जसाच्या तसा राहतो. मला हे शेवट म्हणून अजिबात आवडत नाही, पण डॅशवुड तरी वाचतो.

पुढे काय खेळावं? फॉलआउट: न्यू वेगास (2010) घ्या. यंत्रणा तीच आहे, कर्मा तिथेही आहे, पण त्याला फारसं कोणी विचारत नाही. प्रत्येक गटाकडे तुमची पत वेगळी मोजली जाते. एकाकडे नाव झालं की दुसरीकडे बदनामी, आणि यात कोण बरोबर ते गेम ठरवत बसत नाही. तुमच्या तक्रारीवर याहून जवळचा उतारा मला ठाऊक नाही.

त्यानंतर पहिला विचर (2007). पहिल्या अध्यायात रात्रभर नदीकाठी पेट्यांची राखण करायची असते. पहाटे एल्फ बंडखोर माल न्यायला येतात. नेऊ द्यायचं की लढायचं ते तुम्ही ठरवायचं. नेऊ दिलंत तर पुढच्या अध्यायात, शहरात, कोलमन नावाचा माणूस बंडखोरांकडून मारला जातो आणि तुमच्या तपासातला एक धागा तुटतो. तोवर इतके तास उलटलेले असतात की मागची सेव्ह लोड करावीशी वाटत नाही. गेम कसलाही आकडा दाखवत नाही. फक्त गेमचा नायक गेराल्ट त्या पहाटेची आठवण काढतो. तलवारबाजी आज जुनाट वाटेल आणि सुरुवातीची धावाधाव कंटाळवाणी आहे, पण विझिमा शहरात पोचेपर्यंत सोडू नका. आणि गाइड उघडू नका, पहिल्याच पानावर हे सगळं लिहिलेलं असतं.