दुर्बिणीच्या ऑपरेशनने जुनी कंबरदुखी आणि मानदुखी कायमची जाते का?

तुम्ही लिहिलंय की तीन वर्षांपासून कंबर दुखते, वर्षभरापासून मानही. एमआरआयमध्ये कंबरेत एल ४-एल ५ची (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली) गादी सरकलेली आणि मानेत सी ५-सी ६ला (मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांपाशी) दाब दिसतोय. छोट्या छिद्रातून ऑपरेशन केलं तर दोन्ही दुखणी जातील का, हा तुमचा प्रश्न. शिवाय जाता जाता एक ओळ आहे: 'हल्ली शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो.' मी फिजिओथेरपिस्ट आहे. मणक्याचं ऑपरेशन झालेले आणि टळलेले, दोन्ही प्रकारचे रुग्ण रोज माझ्यासमोर असतात. मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती त्या बटणांच्या ओळीची.

मानेत नुसती नस दबली तर एका हातात कळ जाते, मुंग्या येतात. पण मज्जारज्जूवरच दाब असेल तर दुखणं कधीकधी अगदी कमी असतं आणि हातांचं बारीक काम बिघडतं: बटणं, सही, किल्ली फिरवणं. पुढे पाय ताठरतात, चालताना तोल जातो. अशा वेळी ऑपरेशनचा पहिला हेतू बिघाड तिथेच थांबवणं हा असतो. गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नसतं, म्हणून थांबणं महागात पडतं. याच आठवड्यात मणक्याच्या सर्जनला दाखवा, आणि बटणांचं आधी सांगा, दुखण्याचं नंतर. तोवर मान मोडून घेणं, जोरात चोळून घेणं पूर्ण बंद.

आता कंबर. तुम्ही कुठेही लिहिलेलं नाही की कळ पायात उतरते का. माझ्या मते सगळं उत्तर त्यावर आहे. सरकलेल्या गादीने नस दाबली असेल तर दुखणं नितंबातून मांडीमागे, पोटरीत, पावलापर्यंत जातं. गादीचा तो तुकडा काढला की पायाची कळ बहुतेकांची लवकर कमी होते. पण दुखणं फक्त कंबरेतच असेल तर तुकडा काढून ते जाईल याची खात्री देता येत नाही, मग छिद्र कितीही लहान असो.

गादीचा तुकडा काढण्याच्या नेहमीच्या ऑपरेशनमध्ये, म्हणजे मायक्रोडिस्केक्टॉमीत, साधारण दोन-तीन सेंटिमीटरचा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली काम करतात. एन्डोस्कोपने, म्हणजे दुर्बिणीने, तेच काम सेंटिमीटरभर छेदातून होतं, काही वेळा पूर्ण भूल न देताही. स्नायू हाडापासून सोलून काढायच्या ऐवजी बाजूला सारून नळी आत नेतात, म्हणून रक्त कमी जातं, टाक्यांचं दुखणं कमी राहतं, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जाता येतं. हे फायदे खरे आहेत. पण आत नसेवरचा दाब काढणं हेच काम दोन्हीकडे होतं, आणि वर्षभरानंतर पाहिलं तर दोन्हींच्या निकालात फारसा फरक उरत नाही. तेव्हा यंत्रापेक्षा सर्जनचा हात कशावर बसलाय ते बघा.

घाईबद्दलही सांगते. नेदरलँड्समध्ये पायात तीव्र कळ असलेल्या २८३ रुग्णांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. एका गटाचं लवकर ऑपरेशन केलं, दुसऱ्याला थांबायला सांगितलं. लवकर ऑपरेशन झालेल्यांची कळ लवकर गेली, पण वर्षअखेर दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र मधे ऑपरेशन करावंच लागलं. म्हणजे थांबणं हाही खरा पर्याय आहे, आणि कळ असह्य झाली म्हणून ऑपरेशन करून घेणंही चूक नाही.

रिपोर्टला तर मुळीच घाबरू नका. १९९४च्या एका अभ्यासात कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून अधिकांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या! तुमच्या चित्रातली गादीच तुमच्या दुखण्याचं कारण आहे, हे तपासणीतून जुळलं पाहिजे.

फक्त कंबर दुखते म्हणून स्क्रू घालून मणके जोडायचा सल्ला मिळाला, तर दुसरं मत घ्याच. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात ३४९ रुग्णांमध्ये असं जोडणं आणि नेटाने करवून घेतलेला व्यायामाचा कार्यक्रम यांच्यात ठळक फरक दिसला नव्हता. मणका घसरलेला किंवा अस्थिर असेल तर गोष्ट वेगळी. दुखणं मणक्यांमागच्या लहान सांध्यांतून येत असेल तर आधी चाचणी म्हणून सुन्न करणारं इंजेक्शन देतात, आणि तेवढ्या वेळापुरता चांगला आराम पडला तरच रेडिओफ्रिक्वेन्सीने तिथली बारीक नस तापवतात. हे ऑपरेशन नव्हे. आराम काही महिने, कधी वर्षभर टिकतो. नस पुन्हा वाढते, मग पुन्हा करता येतं. लेझरने गादी जाळण्याच्या जाहिरातींवर माझा विश्वास नाही, त्यामागचा पुरावा फार तोकडा आहे.

मानेत पुढून छोटा छेद घेऊन गादी काढतात आणि मणके जोडतात, किंवा निवडक रुग्णांना हलणारी कृत्रिम गादी बसवतात. काही दिवस गिळायला त्रास होतो, आवाज बसतो, तो सहसा सुटतो. मागून छोट्या छिद्रातून नसेची वाट मोकळी करण्याचाही पर्याय आहे आणि त्यात मणके जोडावे लागत नाहीत, पण तो हातात उतरणाऱ्या कळेसाठी. पुढून मज्जारज्जू दबला असेल तर तो पुरत नाही. म्हणून छिद्र लहान हवं असा हट्ट मानेच्या बाबतीत धरू नका.

सर्जनला एकच प्रश्न नीट विचारा: माझं कुठलं दुखणं याने जाईल आणि कुठलं राहील? पुन्हा गादी सरकण्याची, नसेच्या आवरणाला चीर पडण्याची शक्यता किती, तेही विचारा. तुम्ही सिगारेट ओढत असाल तर तसं स्पष्ट सांगा, निकोटिनमुळे मणके नीट जुळत नाहीत.

आणि लघवी अडली, तिच्यावरचा ताबा गेला, दोन मांड्यांमधला भाग बधिर झाला किंवा पाऊल एकाएकी लुळं पडलं, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता रात्री-अपरात्री थेट इमर्जन्सीत जा.