घरात मांजर आहे, नर्सरीतून कोणती झाडं आणू?

तुम्ही लिहिलंय की कोथरूडला फ्लॅट आहे, मांजर वर्षाची आहे, दिसेल ते पान चावते आणि हॉलसाठी चार-पाच झाडं घ्यायचीयेत. आधी एक विनंती, नर्सरीवाल्याला "मांजरीला चालेल ना?" एवढंच विचारून झाड उचलू नका. त्याला ऊन-पाणी नेमकं माहीत असतं, पण मांजरीचं विचारलं की "काही होत नाही, बिनधास्त न्या" हेच येतं. तिथेच उभं राहून झाडाचं शास्त्रीय नाव बघा आणि मोबाईलवर एएसपीसीए (ASPCA) या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या विषारी-बिनविषारी झाडांच्या यादीत शोधा, फुकट आहे आणि फोटोसकट आहे.

विकायच्या नावावर तर अजिबात जाऊ नका. लकी बांबू हा बांबू नाहीच, ड्रेसेना आहे, मांजरीला चालत नाही. सायकसला पाम म्हणून खपवतात, त्याने लिव्हर जातं, बिया तर फारच वाईट. पीस लिली, मनी प्लांट, सिंगोनियम, डिफेनबेकिया, मॉन्स्टेरा यांच्या पानात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, चावलं की तोंडाची आग होते, लाळ गळते. स्नेक प्लांट आणि कोरफडही नको.

बिनधास्त घ्या ते म्हणजे अरेका पाम, स्पायडर प्लांट, पेपरोमिया, होया, हॉवर्थिया. हॉवर्थिया घेताना नीट बघा, शेजारीच छोट्या कोरफडीचे ट्रे असतात आणि दोन्ही सारखेच दिसतात. कॅलाथिया आणि बोस्टन फर्नही सेफ आहेत, पण पुण्याच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पानांच्या कडा करपतात, त्यामुळे माझं मत विचाराल तर सुरुवात अरेका आणि स्पायडरनेच करा. स्पायडरची पानं लोंबतात, मांजर त्यांच्याशी खेळणारच, खूप खाल्ली तर उलटी करेल म्हणून कुंडी उंच टांगा. घरी आणल्यावर पानं धुवून घ्या (नर्सरीत फवारणी झालेली असते), वरच्या मातीत दाणेदार कीटकनाशक दिसलं तर ती माती काढून टाका आणि मोठे गोटे पसरा, नाहीतर कुंडीचंच लिटर बॉक्स होईल.

कुंड्यांइतकंच लक्ष बुकेकडे द्या, खरं तर जास्तच. वाढदिवसाच्या बुकेत त्या मोठ्या, वासाच्या लिली असतात ना, त्यांचे केशरी पराग अंगाला लागले आणि मांजरीने अंग चाटलं तरी किडन्या निकामी होऊ शकतात, फुलदाणीतलं पाणीसुद्धा विषारी. गौरीच्या सणाला कोणी कळलावीची फुलं आणली तर तीही मांजरीपासून लांब. लिली चाटल्याची नुसती शंका आली तरी घरी उलटी करवत बसू नका, सकाळची वाट बघू नका, झाडाचा फोटो घ्या आणि रात्री चालू असणाऱ्या व्हेटकडे लगेच निघा, त्यांचा नंबर आजच सेव्ह करून ठेवा.