दोन मुलं घेऊन एक वर्ष मिशनच्या सेवेला जावं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मिशनच्या बोर्डिंगवर वर्षभर अधीक्षक म्हणून बोलावणं आलंय, मुलं शाळेत आहेत, मानधन बेताचं आहे, एका वर्षात हातून काही होतं का, असं विचारलंय. आणि सगळ्यात शेवटी, राहून गेलं म्हणून घातल्यासारखं, 'पत्नीची तयारी आहे.' बाकीच्या प्रश्नांना उत्तरं देणारे पुष्कळ मिळतील. मी त्या शेवटच्या तीन शब्दांसाठी लिहायला बसले आहे. कशाची तयारी आहे, ते तिला विचारलंत का?

आमचं वर्ष जून 2022 ते मे 2023. आम्ही नगरचे. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच येतं.) बोर्डिंग नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. पाचवी ते दहावीची 42 मुलं-मुली, बहुतेक पावरा आणि भिल्ल घरांतली. नियुक्तीचं पत्र नवऱ्याच्या नावाने आलं. त्यात मी 'सहकुटुंब' या शब्दात होते. एका खाजगी शाळेत नऊ वर्षं शिकवत होते, ती नोकरी सोडून गेले. त्या सोडण्याचा उल्लेख कुठल्याच पत्रात नाही.

4 जुलैला स्वयंपाकीणबाई सुनेच्या बाळंतपणाला म्हणून गेल्या. आठ दिवसांत येते म्हणाल्या, त्या काही आल्या नाहीत. त्यांना दोष देत नाही, त्यांचा पगार मला ठाऊक होता. दुपारी मुलं शाळेत पोषण आहार खायची, तो एक आधार. सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण आमच्याकडे, रविवारी सगळंच आमच्याकडे. रात्री भाकरी. एका मुलामागे दोन धरल्या तरी 84, वर आमच्या घरच्या. रोजचं आठ किलो ज्वारीचं पीठ. जुलै महिना, ओली लाकडं, चूल पेटायलाच अर्धा तास. गॅसची एक टाकी होती, ती 'पाहुणे आले तर' म्हणून राखलेली. पहिल्याच दिवशी मी ती लावली. त्यावरून नवऱ्याशी झालेलं भांडण आख्ख्या बोर्डिंगने ऐकलं.

त्या रात्री नऊ वाजेपर्यंत माझ्या तीस भाकरी झाल्या. पंगत मांडून मुलं बसलेली, कोणी हूं की चूं करत नव्हतं, आणि त्यानंच मला जास्त मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी भात टाकला. भांडी आवरताना नववीतली एक मुलगी शेजारी येऊन बसली, माझ्या हातातला गोळा काढून घेतला आणि परातीत बघतसुद्धा नव्हती, भाकरी थापून मोकळी. मी नगरची. भाकरी मला कोणी शिकवावी? पण माझी भाकरी चार माणसांच्या घराची होती. फुगली पाहिजे, पापुद्रा सुटला पाहिजे, घडी करता आली पाहिजे. तिची भाकरी जाड, मोठी, दोन तव्यांवर एकाच वेळी चालणारी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही खाता येणारी. तिची आई दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जायची तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या भाकऱ्या ही करायची, वयाच्या नवव्या वर्षापासून. माझी नऊ वर्षांची शिक्षकी त्या परातीपुढे गप्प बसली. मी तिला रोज मदतीला घेतलं नाही. ती शिकायला आली होती, घरचंच काम पुन्हा करायला नव्हे. पण पद्धत तिचीच उचलली. पंधरा दिवसांत पावणेदोन तासांत 84 व्हायला लागल्या.

असे अकरा आठवडे. किराण्याच्या वहीत मी रोज लिहायचे, किती पीठ, किती डाळ, कोणाला ताप, कोणाचं पोट, कोणाचं डोकं उवांनी भरलं. एका मुलाला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) होता, पावसात भिजला की अंग धरून रडायचा. त्याला पाणी किती पाजायचं, कसं उबेत ठेवायचं, कधी थांबायचं नाही आणि सरळ जीपमध्ये घालायचं, हे सगळं त्या वहीच्या मागच्या पानांवर आहे.

मे महिन्यात नवऱ्याने मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, वार्षिक अहवाल लिहिला. चांगला माणूस आहे, खोटं एक अक्षर लिहिलं नाही. उपासना किती, दहावीचा निकाल काय, गावभेटी किती, नाताळात कोण कोण आलं. आणि एक वाक्य: 'जुलै ते सप्टेंबर या काळात स्वयंपाकाची अडचण निर्माण झाली होती, ती प्रभूच्या कृपेने दूर झाली.' मी ते वाक्य तीनदा वाचलं. कृपा मलाही मान्य आहे. पण तिच्या हातावर चटके होते.

नगरला परत आल्यावर नवऱ्याने उपासनेत साक्ष दिली. बाहेर अंगणात चहा घेताना मोठे भाऊजी म्हणाले, "वहिनी, पाचारण त्याला होतं, तुम्ही साथ दिलीत, तेही थोडं नाही." मी हसले. घरी आल्यावर विचारलं, साथ म्हणजे काय? तर भाऊजी म्हणाले, "तसं तुम्ही तिथंही संसारच केलात ना." वर पाळकसाहेबांनी बायबलमधल्या मार्था-मरिया या बहिणींचा दाखला दिला. मार्था काम फार करते आणि तिला टोकलं जातं, ते सगळ्यांना पाठ असतं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 12व्या अध्यायातही मार्था वाढतेच आहे आणि तिथं तिला कोणी काही म्हणत नाही, त्यावर मात्र उपदेश मी अजून ऐकलेला नाही.

भाऊजींना इतिहासाची आवड आहे, म्हणून इतिहासातलंच सांगते. अमेरिकन मराठी मिशन म्हटलं की त्यांच्या तोंडी 1813 साली मुंबईत उतरलेले हॉल आणि नॉट हे मिशनरी. त्याच तुकडीतली हॅरिएट न्यूएल 1812 साली मॉरिशसला वारली. 19 वर्षांची होती, काही आठवडे आधी तान्हं बाळ समुद्रातच गेलं होतं. मुंबई तिला दिसलीच नाही. पुढे तिचं चरित्र अमेरिकेत घरोघर वाचलं गेलं. मेल्यावर मोजतात, तो भाग वेगळा. जिवंत होत्या त्या मिशनऱ्यांच्या बायकांना त्यांना पाठवणारं अमेरिकेतलं बोर्ड 'सहायक मिशनरी' म्हणायचं. नगरच्या मुलींच्या शाळांचं नाव निघालं की सिंथिया फॅरारबाई आठवतात, त्या 1827 ला आल्या आणि 1862 ला नगरलाच वारल्या. जोतीराव फुले त्यांची शाळा बघायला आले होते. फॅरारबाईंचं काम त्यांच्या नावावर राहिलं, कारण त्या कोणाच्या 'सौ.' नव्हत्या, असं माझं मत आहे. भाऊजींना पटत नाही. मग मी त्यांना एकच विचारते. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तावरचं काव्य तुम्हाला इतकं पाठ, 1919 ला टिळक गेले तेव्हा ते अपुरं होतं, पुरं कोणी केलं? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. संसार करता करता. 1917 ला टिळकांनी मिशनचा पगार सोडला, तेव्हा महिन्याचं गणित जमवायचं कोणाला होतं, तेही त्यांनी सांगावं.

आणि हे जमत नाही असंही नाही. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला 1970 ला रजनीकांत आणि मॅबेल आरोळे यांनी काम सुरू केलं, दोघंही डॉक्टर. 1979 चा मॅगसेसे पुरस्कार दोघांच्या नावाने आहे. 'आरोळे, सहकुटुंब' असा नाही.

आता तुमचे प्रश्न. एक वर्ष पुरतं का? नाही. पहिले चार महिने तुम्हीच मुलांवर भार असता. दिवाळीनंतर जरा घडी बसते, मार्चला परीक्षा, एप्रिलला बांधाबांध. तरी जा, पण 'परिवर्तन' वगैरे शब्द अहवालात घालू नका. मानधन कमीच राहील. परकीय निधीचा कायदा 2020 ला बदलला, प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली, तेव्हापासून पगारी माणसाऐवजी सेवाभावी कुटुंब बोलवावं लागतं, असं आम्हाला सांगण्यात आलं. खरं असेल. पण मग सेवाभावी माणसं दोन आहेत हे पत्रात लिहायला शाई किती लागते?

मुलांच्या शाळेचं विचारलंत. पूर्वीच्या अमेरिकन मिशनऱ्यांना हा प्रश्न होताच, त्यांनी 1901 ला कोडाईकॅनालला आपल्या मुलांसाठी शाळाच काढली. आपल्याला तो रस्ता नाही. आमची दोघं गावच्या शाळेत गेली. मुलगा दुसरीत होता, दोन महिन्यांत पावरी बोलायला लागला, खरूज झाली, मजेत होता. मुलगी सातवीत होती आणि तिचं काही बरं नव्हतं. गणित मागे पडलं ते अजून पुरतं भरून आलेलं नाही. आमची मुलंही पंगतीतच जेवतील हा निर्णय माझा, तो आजही बरोबर वाटतो. पण बोर्डिंगवर सकाळी ताट वाजवून उठवायचे, आणि ऑक्टोबरात एकदा मुलगी म्हणाली, "आई, तू मलाही ताट वाजवून उठवतेस." त्यावर मला काही बोलता आलं नाही. तेव्हापासून तिला हात लावून उठवायला लागले. बाकी काही सुधारलं असं म्हणणार नाही. सातवी-आठवीतलं मूल असेल तर त्याला स्वतंत्र विचारा, आईबापांनी एकमेकांत ठरवून नव्हे.

हे वाचून वाटेल की मला पस्तावा आहे. तसं नाही, पुन्हा बोलावलं तर जाईन. आणि सगळीच बोर्डिंगं आमच्यासारखी नसतात, काही ठिकाणी दोन-दोन स्वयंपाकिणी आहेत, मी एकाच जागेवरून बोलते आहे. नवऱ्यानेही त्या अकरा आठवड्यांत पाणी भरलं, भांडी घासली, तेही सांगायला हवं. जायच्या आधी मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा (2012) दोघांनीही वाचा. मुलांत राहणार आहात, काही कानावर आलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, 'आपल्यात मिटवू' म्हणणारे तिथं भेटतात. बोर्डिंगच्या नोंदणीचे कागद मागून बघा, लाजू नका. आणि नियुक्तीच्या पत्रात बायकोचं नाव, काम आणि सुट्टी लिहून घ्या. देत नसतील तर तुमचंही नाव काढायला सांगा.

टाकण्याआधी हे नवऱ्याला वाचून दाखवलं. मार्थेच्या ठिकाणी तो हसला. भाऊजींचा भाग काढ म्हणाला, मी काढला नाही. मग म्हणाला, "अकरा नव्हते गं, दहाच आठवडे होते." मी वही काढली. 4 जुलै ते 19 सप्टेंबर. अकरा.