स्मार्टकेन असूनही नालीत पाय जातो? आधी काठीची लांबी मोजा

ताई, तुमच्या अंध भावाला साधनवाटपाच्या शिबिरात मिळालेली स्मार्टकेन, म्हणजे अडथळा आला की थरथरणारं यंत्र बसवलेली पांढरी काठी, थरथरते, तरी तो नालीत पडला, म्हणजे यंत्र बिघडलं का, असं तुम्ही विचारलंय. यंत्र बहुधा ठीक आहे. आयआयटी दिल्लीत तयार झालेलं हे यंत्र गुडघ्याच्या वरचे अडथळे ओळखतं: उभ्या बैलबंडीची मागे निघालेली लाकडं, वाटेवर झुकलेली बाभळीची फांदी. नाली ओळखणं काठीच्या टोकाचं काम आहे, आणि त्यासाठी काठी मापाची लागते.

माझं सगळ्यात जास्त नुकसान इथेच झालं. शिबिरात सगळ्यांना एकाच लांबीच्या काठ्या होत्या, मी माप न बघता सही केली. बदलून मागितली तर कार्यालयाचं उत्तर, एकदा साधन घेतलं की त्याच कामासाठी 3 वर्षं दुसरं नाही. अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत नियम तसा आहेच. पण माप न घेता वाटायचं त्यांनी आणि भोगायचं आपण, हे मला अजूनही पटत नाही.

भावाला चप्पल घालून सरळ उभं करा आणि जमिनीपासून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत मोजा. उंची 165 सेंमी असेल तर काठी 120 च्या आसपास. भराभर चालणाऱ्याला थोडी जास्त चालते. आखूड काठीने नाली कळते तोवर पाय उचललेला असतो. शिवाय ती उभी धरावी लागते, त्यामुळे यंत्राचा रोख खाली जातो आणि डोक्याच्या उंचीची फांदी सुटते.

नालीच्या कडेने टोक उचलून ठोकत चालू नये. जमिनीला टेकलेलं ठेवून खांद्यांच्या जरा बाहेरपर्यंत सरकवावं. उजवा पाय पुढे तेव्हा टोक डावीकडे. पावसाळ्यात काळ्या मातीचा गोळा टोकाला चिकटला की सिमेंट आणि माती यांचा आवाज सारखाच येतो, म्हणून मधूनमधून खरवडा. गल्लीत यंत्राचा 1.8 मीटरचा पल्ला ठेवा, 3 मीटरचा मोकळ्या रस्त्यासाठी. नाहीतर बाजारात काठी सारखी थरथरते आणि माणूस तिकडे लक्ष देणंच सोडतो.

फोनच्या नकाशावर फार भिस्त नको. जीपीएस उघड्यावरही 5 मीटर इकडेतिकडे दाखवतं, आणि पांदण रस्ते बहुतेक नकाशात नसतातच. ओएसएमअँड या नकाशाच्या अ‍ॅपमध्ये घरच्या डोळस माणसाने वाट चालून रेकॉर्ड करावी, फाटा आणि एसटीचा थांबा खुणा म्हणून जतन करावेत. इंटरनेट लागत नाही. इअरफोन एकाच कानात.

मी प्रशिक्षक नाही, शक्य असेल तर चालण्याचं प्रशिक्षण नक्की घ्या. काठी आखूड निघाली तर मापाची साधी पांढरी काठी विकत घ्या. यंत्र सुटं होतं, ते तिच्यावर घट्ट बसतं का हे मात्र दुकानातच बघा.