'नाईटमुळे माझं डोकं फिरलंय का, मॅडम?'

कुपवाड आणि मिरजेच्या एमआयडीसीतून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या माणसांकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता विचारणाऱ्याचे डोळे बघूनच ओळखते. त्यातल्या एकांची ही गोष्ट. ओळख पटेल असं सगळं बदललंय.

केबल कंपनीत एक्स्ट्रूडरवर, म्हणजे तारेवर प्लास्टिकचं आवरण चढवणाऱ्या मशीनवर, ऑपरेटर, वय चौतीस. पाळी दर आठवड्याला बदलते. नाईटच्या आठवड्यात एका दुपारी धाकटी मुलगी मोठ्यानं पाढे म्हणत होती. हे झोपेतून उठले आणि तिच्या पाठीत धपाटा घातला. "तेव्हापासून ती घरात चवड्यांवर चालते," एवढं सांगून ते बराच वेळ हातातल्या हेल्मेटची काच पुसत बसले.

पहिल्या भेटीत मी चुकलेच. रागावरच बोलत राहिले. राग आला की बाहेर चक्कर मारा, दीर्घ श्वास घ्या, वगैरे. त्यांनी मान डोलावली, पण मनातून उठून गेले होते. निघताना मी सहज विचारलं, रात्री मशीन बंद का ठेवत नाहीत? तेव्हा कुठे माणूस खुलला. बॅरलमध्ये पीव्हीसी दीडशे अंशांच्या वर तापलेलं असतं. तसंच बंद करून गेलं तर आतल्या आत जळून बसतं, मग स्क्रू बाहेर काढून घासत बसा. पुढे स्पार्क टेस्टर असतो. तारेवरच्या आवरणाला टाचणीएवढं भोक राहिलं तरी ठिणगी पडून बझर वाजतो. "घरी कुकरची शिट्टी झाली तरी वाटतं टेस्टर वाजला. दचकून उठतो."

ते दर तासाला लॉगशीट भरतात : झोनचं तापमान, लाइनचा स्पीड, किती मीटर झालं. मी म्हटलं, आता झोपेचीही तशीच शीट भरून आणा.

आणली. पट्टीनं रकाने आखलेली. सोमवार : ८.४० झोप. १०.०५ भंगारवाला. १०.५० आई, 'चहा ठेवू का?' ११.३० सिलेंडर. १२.१५ शेजाऱ्यांचं कुरिअर. पुढे शेवटपर्यंत एकच शेरा, 'झोप नाही'. सहा दिवसांत एकदाही सलग तीन तास नाहीत. हा माणूस रागीट नव्हता, जागा होता.

आईंचा तरी काय दोष? तासगावकडचं घर, द्राक्षबाग, सगळा जन्म पहाटे चारला उठण्यात गेलेला. त्यांच्या लेखी दिवसा अंथरुणात असणारा बाप्या आजारी तरी असतो नाहीतर आळशी. शरीरातलं घड्याळ पेशींच्या पातळीवर कसं चालतं, याच्या शोधाला २०१७ साली नोबेल मिळालं, हे त्यांना सांगून काय उपयोग? मी एवढंच विचारलं, "रात्री दोन वाजता कुणी तुम्हाला चहाला उठवलं तर?" त्या हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच जुनी गोधडी खिडकीला ठोकली आणि बेलची वायर काढून ठेवली. कुरिअर आता शेजारचेच घेतात.

पहाटे तीन ते पाचच्या सुमारास शरीर सगळ्यात थंड आणि सुस्त असतं. डुलकी येते ती तेव्हाच आणि चहाही तेव्हाच होतो. हे साडेचारला दोन कप घ्यायचे. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा भाग पाचेक तासांनीही अंगात असतो, म्हणजे घरी अंथरुणावर पडल्यावरही तो जागाच. शेवटचा चहा अडीचच्या आत, असं ठरलं. पहिले दोन दिवस जड गेले.

तिसऱ्या भेटीत शीटवरच्या एका खाडाखोडीवर मी बोट ठेवलं. सकाळी ८.१५. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "क्वार्टर, मॅडम. झोपेसाठीच." हे मी फार जणांकडून ऐकते आणि दर वेळी ते शेवटीच बाहेर येतं. दारूनं डोळा लवकर लागतो हे खरं, पण दोन-तीन तासांत तीच झोप मोडते. मी रागावले नाही. फक्त तो रकाना खोडू नका म्हटलं. घोरणं होतंच, म्हणून मिरजेत डॉक्टरांकडेही पाठवलं. बीपी वाढलेलं निघालं.

मला सगळ्यात भीती वाटली ती मोटारसायकलची. दोनदा वाटेत डोळा लागला होता, हे त्यांनी बोलता बोलता सांगितलं. आता शिफ्ट सुटल्यावर वीस मिनिटं रेस्टरूमच्या बाकावर पडतात, मग गाडी काढतात. पोरं चेष्टा करतात. करू देत.

नोकरी सोडू का, हेही त्यांनी विचारलंच होतं. घराचा हप्ता आहे, नाईटचा भत्ता आहे. नाईटच्या आठवड्यात हा विषय घरात काढायचा नाही, एवढंच मी सांगितलं. त्या दिवसांत राजीनामा सुचतो आणि घटस्फोटही. कंपनीत पाळ्या उलट्या फिरतात, नाईट, सेकंड, फर्स्ट. फर्स्टनंतर सेकंड, मग नाईट, असा क्रम अंगाला सोपा जातो. हे त्यांनी चार जणांना घेऊन सुपरवायझरांना सांगितलं. 'बघू' म्हणालेत.

परवाच्या शीटवर सलग पाच तास दहा मिनिटं होती. गुरुवारी मात्र वरातीच्या बँडनं दीड तासच. रकान्याबाहेर पेन्सिलीनं, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत कुणीतरी लिहिलं होतं : 'बँड वाजला. मी नाही.'

पुढच्या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे. येताना तिलाही आणा म्हटलंय.