समान वजनांच्या जोड्या जॉइनमध्ये का गळतात?

प्रश्न : कोल्हापुरातील गुळाच्या अडत व्यवसायासाठी आम्ही पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ‘वजन’ हा स्वतःचा डेटा टाइप सी भाषेत तयार केला आहे. त्यात आकडा आणि एकक, म्हणजे किलो किंवा क्विंटल, दोन्ही साठवले जातात आणि आमचा ‘=’ ऑपरेटर 1 क्विंटल व 100 किलो समान मानतो. आवकेच्या नोंदी व काट्याच्या पावत्या लॉट क्रमांक आणि वजन यांवर जोडल्या (म्हणजे जॉइन केल्या), तर चाचणीच्या थोड्या ओळींत सर्व जोड्या मिळतात, मात्र पूर्ण हंगामाच्या नोंदींत काही गळतात. असे का? शिवाय काट्यावरचा 100 ग्रॅमपर्यंतचा फरक ‘=’ मध्येच सामावून घ्यावा का?
– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपल्या वर्णनावरून ‘=’ निर्दोष दिसतो; दोष हॅश फंक्शनमध्ये, म्हणजे मूल्यावरून एक ठरावीक आकडा (हॅश) काढणाऱ्या फंक्शनमध्ये असावा. ओळी थोड्या असताना प्लॅनर, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा पोस्टग्रेसचा भाग, बहुधा नेस्टेड लूप (एका बाजूची प्रत्येक ओळ दुसऱ्या बाजूच्या ओळींशी ताडण्याची पद्धत) निवडतो आणि वजने प्रत्यक्ष ‘=’ ने तपासतो. ओळी वाढल्या की तो हॅश जॉइनकडे वळतो; तेथे आधी मूल्यांचे हॅश काढले जातात आणि ते जुळले तरच ‘=’ ला विचारले जाते. साठवलेल्या बाइट्सवरूनच हॅश काढला असेल, तर 1 क्विंटल आणि 100 किलो यांचे हॅश वेगळे येतात आणि ती जोडी कोणताही एरर न येता निसटते. ऑपरेटरच्या व्याख्येत ‘हॅशेस’ (HASHES) लिहिणे म्हणजे ‘समान मूल्यांचे हॅश समानच येतील’ अशी हमी देणे होय, आणि पोस्टग्रेस ती हमी पडताळून पाहत नाही.

म्हणून दोन्ही एककांचे आधी ग्रॅममध्ये पूर्णांकी रूपांतर करावे आणि हॅश त्या पूर्णांकाचाच काढावा. संपूर्ण स्ट्रक्चर हॅश करू नये, कारण त्यातील रिकाम्या पॅडिंग बाइट्समध्ये काहीही असू शकते. ऑपरेटरचा कम्युटेटर, म्हणजे दोन्ही बाजूंची अदलाबदल केल्यावर तोच निकाल देणारा ऑपरेटर, तो स्वतःच असल्याचे नोंदवावे आणि हॅश ऑपरेटर क्लासमध्ये (टाइपचे ऑपरेटर व फंक्शन एकत्र नोंदवणाऱ्या व्याख्येत) ‘=’ व 32 बिटांचे हॅश फंक्शन प्रत्येकी 1 क्रमांकाने जोडावे. हॅश पार्टिशनिंग (हॅशनुसार टेबलचे भाग पाडणे) हवे असल्यास 2 क्रमांकाचे 64 बिटांचे फंक्शनही लागते. ही सोय आवृत्ती 11 पासून आहे.

फरकाची सवलत ‘=’ मध्ये मुळीच घालू नये. 30.00 आणि 30.08 किलो समान ठरतील, 30.08 आणि 30.16 ही समान ठरतील, पण 30.00 आणि 30.16 समान ठरणार नाहीत. अशा विसंगत समानतेला साजेसा एकच हॅश उरतो, तो म्हणजे सर्व मूल्यांना एकच आकडा देणारा, आणि तो निरुपयोगी आहे. त्याऐवजी ‘~=’ असा वेगळा ऑपरेटर ‘हॅशेस’शिवाय तयार करावा. लॉट क्रमांक ‘=’ ने व वजन ‘~=’ ने जुळवल्यास हॅश जॉइन लॉट क्रमांकावर होईल आणि वजनाची तपासणी त्यानंतर होईल, त्यामुळे वेगही फारसा घटणार नाही.

फंक्शन बदलल्यावर या टाइपवरील हॅश इंडेक्स पुन्हा बांधावेत. त्यानंतर वजनावर ‘=’ ठेवलेली तीच क्वेरी एकदा हॅश जॉइन बंद ठेवून आणि एकदा नेस्टेड लूप व मर्ज जॉइन (दोन्ही बाजू क्रमाने लावून जोडण्याची पद्धत) बंद ठेवून चालवावी, आणि दोन्ही वेळच्या ओळींची संख्या ताडून पाहावी.